सुबाभळीखालचे गुलाब

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात तोच गल्लीत गुलाबवाला येतो. हातगाडीवर काळ्या पिशव्यांतली कलमं, प्रत्येक कलमावर एकच टपोरं फूल, आणि वास गाडीच्याही पुढे धावणारा. गाडी कोपऱ्यावर असतानाच आमच्या गल्लीतल्या बायका नाकं वर करून फाटकाशी येतात. याच बायका सकाळी मेथीची जुडी सोडवून पान न् पान उलटून बघतात, भाजीवाल्याचा उद्धार करतात आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट उपटतात. गुलाबापुढे मात्र सगळी हुशारी गहाण. फांदी हलवून बघणं नाही, मुळं धरलीत का विचारणं नाही. डोळे मिटायचे, वास ओढायचा आणि म्हणायचं, "अगं बाई, काय सुंदर!" झालं. कलम घरात.

आठवड्यात फूल गळतं. संक्रांतीपर्यंत पानं गळतात. होळीला उरलेली काडी बंबात जाते. आणि पुढच्या दिवाळीला याच बायका, याच फाटकाशी, हीच नाकं.

मी ओट्यावर बसून बघते आणि मला हसू येतं. ते काही भलं हसू नाही. ते मला भोसरीत लागलं, एका हिवाळ्यात, ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला. आता गुलाबाचा वास आला की आधी तो हिवाळा येतो, मग गुलाब. आणि त्या हिवाळ्याला गुलाबाचा वास कमी आणि मशीनच्या ऑइलचा, घोडीच्या लिदीचा आणि सुबाभळीच्या हिरव्या पाल्याचा वास जास्त.

मी वऱ्हाडातली, खारपाणपट्ट्यातली. आमच्याकडे विहिरीचं पाणी इतकं खारट की चहासुद्धा फाटायचा. बाग नावाची वस्तू मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलेली, आणि पुस्तकही सातवीपर्यंतच. पुढची शाळा नदीपलीकडे होती. पावसाळ्यात नदी पोरीला एकटीला ओलांडू द्यायची नाही म्हणून शाळा सुटली, आणि पावसाळा संपल्यावर परत सुरू करायची कुणाला आठवण झाली नाही. लग्न झालं. आमचे हे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांच्यामागोमाग एक ट्रंक घेऊन मीही आले.

ज्या बंगल्याच्या मागच्या अंगात आम्ही राहायचो तो आक्कांचा. आक्का म्हणजे जुन्या गावातल्या शेतकरी घरातल्या. त्यांची शेतं कारखान्यांत गेली, त्यातून बंगला उभा राहिला, आणि बंगल्याभोवती जो तुकडा उरला त्याला सगळे कंपाउंड म्हणायचे. ज्या बाईने जन्मभर कांदा आणि बाजरी काढली तिच्याकडे आता काढायला काही नव्हतं. कंपाउंडच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे त्यातल्या त्यात जास्त ऊन पडायचं, तिथे पत्र्याच्या छपराची एक खोली होती. ती आमची. एक दार, एक खिडकी, बाहेर नळ आणि धुण्याचा दगड.

त्या खोलीचं मोल मला ठाऊक होतं. आम्ही आलो तेव्हा खोल्यांसाठी माणसं वणवण फिरत होती. घरमालक आधी गाव विचारायचे, मग जात, मग पोरं किती, मग म्हणायचे, परवाच दिली. आक्कांनी फक्त माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं होतं. मला रेल्वेतच ताप भरला होता. "आरं, पोर भाजतीया नि तू खोली बगत फिरतो व्हय?" असं यांना झापून त्यांनी मला आत नेलं, घोंगडीत गुंडाळलं आणि बाजरीची पेज पाजली. त्या पेजेची मी शेवटपर्यंत ऋणी राहीन. पण ऋणी राहणं एक आणि आवडणं एक. आक्कांचा आवाज भोसरीहून आळंदीला ऐकू जावा असा. माझ्या डब्यात हात घालून भाजी चाखायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए वऱ्हाडी!" एवढंच.

त्यांचे मालक अण्णा. अण्णांना कांदा गेल्याचं दुःख नव्हतं, जमीन गेल्याचंही नव्हतं. बैलगाडा शाबूत होता. शर्यतीच्या बैलांची एक जोडी, आणि गाड्यापुढे पळायला एक पांढरी घोडी. या भागात यात्रेला गाडे पळतात तेव्हा बैलांच्या पुढे घोडी पळते, तिला बघून बैल जीव तोडून धावतात. कोणाची घोडी कशी, यावर माणसं वर्षभर बोलतात. अण्णा त्या घोडीची आयाळ रोज सकाळी विंचरायचे, खोबरेल लावून. आक्का म्हणायच्या, "माज्या डोक्याला कदी ल्यालं न्हाई एवडं त्याल त्या घोडीला." खोटं नव्हतं.

आणि कंपाउंडला चारी बाजूंनी सुबाभूळ.

सुबाभळीवर मला दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते बरे नाहीत. कुठल्याशा योजनेत ही रोपं फुकट वाटली होती. कुंपण होईल, सरपण होईल, चारा होईल, एकाच झाडात सगळं. अण्णांनी गाडी भरून आणली. फुकट मिळालेल्या वस्तूकडे कोणी नीट बघत नाही, आणि हे झाड त्याच भरवशावर जगतं. दोन पावसाळ्यांत ते आमच्या पत्र्याच्या वर गेलं. ना धड सावली, ना फळ, ना वास. फूल म्हणजे पावडर लावायच्या पफसारखा पांढुरका गोंडा. शेंगा वाळल्यावर वारा आला रे आला की खुळखुळ, खुळखुळ, जणू कोणी बाळाचा खुळखुळा रिकाम्या घरात हलवतंय. त्या शेंगा तडकून बी सगळीकडे. मोरीच्या फटीत सुबाभूळ. गच्चीच्या पन्हाळीत सुबाभूळ. संडासच्या भिंतीत सुबाभूळ. तोडावं तर एका बुंध्याला चार फुटवे. बाभूळ निदान काटा मारून सांगते की मी बाभूळ आहे. हिला काटाही नाही. ज्या झाडाला स्वतःचा काटासुद्धा नाही ते माझ्या लेखी झाड नव्हे, ती नुसती वस्ती.

त्या हिवाळ्यात गुलाबवाला पहिल्यांदा आमच्या बंगल्यापुढे थांबला. तेव्हा काळ्या पिशव्या नसायच्या. मातीचा गोळा गवतात बांधलेला, त्यातून वर आलेली काटेरी काडी आणि काडीच्या टोकाला फूल. आक्का फाटकात उभ्या.

"काय रं, कंच्या गावचा गुलाब ह्यो?"

"दिल्लीचा, मावशी. राजाच्या बागेतला."

"राजानं तुला कवा दिला रं मेल्या?"

"वास घ्या की. वास घ्यायला पैशे पडत न्हाईत."

आक्कांनी वास घेतला. मी नळावरून बघत होते. एवढी मोठी बाई, जिच्या आवाजाने अण्णांचे बैल दचकायचे, ती एका क्षणात मऊ झाली. डोळे मिटलेले, चेहरा एखाद्या कुमारिकेसारखा. मग डोळे उघडून म्हणाल्या, "समदी ठिव." त्याला वाटलं थट्टा. "समदी?" "आरं समदी म्हनले न्हवं? बहिरा हायेस का?"

गाडी रिकामी झाली. शेजारच्या बंगल्यातल्या साहेबीणबाई वरून बघत होत्या, त्यांच्याकडे चारच गुलाब होते. आक्कांनी वर पाहिलं, आणि मला त्या सगळ्या खरेदीचं अर्धं कारण कळलं.

कलमं आत वाहायचं काम माझं. पहिला गोळा उचलला तेव्हाच मला दोरा दिसला. हिरवा, बारीक. फूल त्या काडीचं नव्हतंच. कुठल्या तरी गावठी गुलाबाचं वासाचं फूल तोडून बिनवासाच्या कलमाच्या शेंड्याला गुंडाळलं होतं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला तसंच. एवढ्या जवळून वास घेतलेल्या बाईला दोरा दिसू नये! सगळं आयुष्य मातीत घालवलेल्या बाईला! मला तेव्हा जे हसू आलं तेच हे हसू, अजून टिकलंय.

संध्याकाळी हे डबा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "आक्काले फसवलं जी त्यानं. फुलं बांधेल होती. सांगू काय त्याईले?"

"चूप बस वं," हे म्हणाले. "तुले गुलाब पाह्यजे का खोली?"

मला खोली पाहिजे होती. मी चूप बसले.

मग सुरू झाली गुलाबांची सेवा. त्याची आठवण आली की अजून मला त्या सगळ्या कंपाउंडची कीव येते. गुलाबांना उसासारखं पाटाचं पाणी. गुलाबांना मुठीने युरिया. कोणी तरी सांगितलं, लोखंडाने फूल लाल होतं. दुसऱ्या दिवशी आक्का आमच्या दारात. "आरं ए, तुज्या कंपनीत लोखंडाचा कीस पडतो न्हवं? आन की." आमचे हे, नाही म्हणायची सवय नसलेले, लेथखालचा कीस पिशवी भरभरून आणू लागले. कुरळा, चकचकीत, दिसायला चांदीच्या केसांसारखा, आणि कटिंग ऑइलमध्ये थबथबलेला. आक्कांनी तो प्रत्येक बुंध्याशी देवाला माळ घातल्यासारखा रचला. इथे घरोघरी हेच. ज्याच्या घरचा माणूस ज्या खात्यात, त्या खात्याचा कचरा त्याच्या गुलाबाला. कोणाच्या आळ्यात कीस, कोणाच्या आळ्यात गंजके बोल्ट, एका घरी तर चक्क बॉल बेअरिंग. गाव विकून कारखाना आला आणि आता कारखाना खणून बाग करायची होती. गुलाबाला ऑइलचा वास येऊ लागला. मूळचा वास तर दोऱ्यानिशी केव्हाच गेला होता.

पौषात साहेबीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आक्का, राग मानू नका हं, पण गुलाबाला ऊन लागतं. तुमच्याकडे सगळी सुबाभळीची सावली."

बोलून त्या आत गेल्या. इकडे आमच्या अंगणात रण पेटलं.

"ह्यो रान तोडा," आक्का म्हणाल्या.

अण्णा घोडीला खरारा करत होते. मान वर केली नाही. "आन घोडी काय तुजा गुलाब खाईल?"

"कडबा घाला की. बाकीच्यांच्या घोड्या काय मेल्या?"

"कडबा इकत आनायचा? आपल्या दारात फुकट चारा असताना?" त्या वर्षी झाडं भरली होती. अण्णांनी कडबा बंद करून घोडीला दोन्ही वेळा सुबाभळीचा पाला चालू केला होता, आणि त्या काटकसरीचा त्यांना गाड्याच्या बक्षिसापेक्षा जास्त अभिमान होता.

"मंग गुलाब लावू कुटं? माज्या डोक्याव?"

अण्णांनी खराऱ्याने आमची खोली दाखवली. "ततं ऊन हाय. खोली पाड नि लाव."

मी तेव्हा नळावर पातेलं घासत होते. माझ्यापासून त्यांचं अंतर एवढं कमी, की खराऱ्याला चिकटलेले पांढरे केस मला दिसत होते. माणूस समोर असताना त्याच्या घराबद्दल असं बोलतात, जसं एखादं कोंबड्यांचं खुराडं हलवायचं आहे. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई ओरडेल, आरं ही पोर कुटं जाईल? पेज पाजणारी बाई ओरडेलच. आक्का गुलाबांकडे वळून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात्रा होऊ दे. तवर ऱ्हाऊ दे त्यांना."

एवढंच. एका बाजूला बिनवासाच्या काड्या, दुसऱ्या बाजूला फुकटचं झाड, आणि दोघांचंही मन मोडायचं नाही म्हणून मधली आमची खोली जाणार.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही, कारण बाहेरून सगळं तसंच होतं. मी भाकऱ्या करत होते, पाणी भरत होते, गुलाबांना पाणीही घालत होते. मनात मात्र रोज ट्रंक भरत होते आणि रोज रिकामी करत होते. हे सुट्टीच्या दिवशी काळेवाडीपर्यंत फिरून येत. "हाये एक," म्हणत, "पन तिथी दोन कुटुंबं एका खोलीत, मंधात पडदा." मला पडद्याचं स्वप्न पडायचं. आक्कांवर रागावता येत नव्हतं, पेज आडवी यायची. मग राग कुठे तरी जायला हवा. तो गुलाबांवर गेला, आणि त्याहून जास्त सुबाभळीवर. पत्र्यावर तिच्या शेंगा पडत. टप. टप. वाटायचं, आमच्यामागून ही इथे राहायला येणार, आणि हिला कोणी गाव विचारणार नाही, जात विचारणार नाही.

माघात घोडीचे केस गळायला लागले.

आधी फणीत पुंजके आले. अण्णा म्हणाले, थंडीनं. मग आयाळ विरळ झाली, मानेची कातडी दिसू लागली. मग शेपूट. एवढी झुपकेदार शेपूट, जिच्यासाठी अण्णा मिशीला पीळ द्यायचे, ती रोज थोडी थोडी गोठ्यात पडलेली सापडायची. शेवटी उरलं ते जुन्या खराट्यासारखं.

मग जो तमाशा झाला तो बघून माझी चिंताही काही वेळ बाजूला बसली. अण्णांच्या मते पलीकडच्या गावातल्या गाडामालकाने करणी केली. आक्कांच्या मते दृष्ट. दाराला लिंबू-मिरची, घोडीच्या गळ्यात काळा दोरा, कपाळावर काजळाचा ठिपका. बाळंतिणीच्या बाळासारखी नटवलेली टकली घोडी दारात उभी. गाड्यावाली मंडळी येऊन बघून जायची. "अण्णा, घोडी का गाढव इकत आनलं, राव?" "आरं अण्णा, तुजं टक्कल तिला लागलं काय?" अण्णा दात खात गोठ्यात जायचे.

मग एका सकाळी अण्णांची नजर किसाच्या पिशवीवर गेली. "ह्यो ऑइलचा वास," ते म्हणाले. "ह्यानंच. ह्या वऱ्हाड्यानं ऑइल आनलं नि माज्या घोडीला बादलं." आमचे हे ड्यूटीला गेलेले. दारात मी एकटी. कीस मागितला कोणी, आणला कोणी, आणि आता घोडीची शेपूट आमच्या नावावर. "यात्रेची वाट बगायची न्हाई," अण्णा म्हणाले. "उंद्या खोली खाली करा."

"आधी डाक्टर आना," आक्का ओरडल्या. "मंग पोरांना घालवा. घोडीचा निकाल लागल्याबिगर कुनी हलायचं न्हाई." ते त्यांनी माझ्यासाठी म्हटलं की घोडीसाठी, मला आजवर कळलेलं नाही. मी ते माझ्या बाजूने जमा धरलंय.

गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर आला. तरुण, चष्मा, सायकलवरून. त्याने घोडीचे डोळे पाहिले, मान दाबली, शेपटीच्या खराट्याकडे बघून ओठ दाबले. मी माझ्या दाराच्या चौकटीला धरून उभी. तो काय बोलेल त्यावर आमची ट्रंक उचलायची की नाही ते ठरणार होतं.

"खायला काय घालता?"

"चारा हाय की बक्कळ," अण्णा छाती काढून म्हणाले आणि चारी बाजूंना हात फिरवला. "घरचा. फुकटचा. दोन टायमाला."

डॉक्टरने वर पाहिलं. झाडांकडे पाहिलं. मग घोडीकडे. मग त्याने चष्मा काढून पुसला, बहुतेक हसू आवरायला.

"अहो, ही सुबाभूळ बैलाला थोडी चालते. घोड्याला नाही. हिच्या पाल्याने घोड्याची आयाळ-शेपूट झडते. आजपासून बंद करा, केस येतील परत. यात्रेपर्यंत काही येत नाहीत."

अण्णांचा फिरवलेला हात खाली आला. वर शेंगा खुळखुळत होत्या.

चैत्रात यात्रा झाली. मी पहिल्यांदाच घाट पाहिला, म्हणजे जिथे गाडे पळतात तो लांबलचक चढ. धूळ, भंडारा, लाऊडस्पीकर, माणसांच्या अंगावर माणसं. अण्णांनी घोडी मागे ठेवावी असं सगळ्यांनी सांगितलं होतं. दुसऱ्याची घोडी मागून आणता आली असती. अण्णा ऐकले नाहीत. आमचा गाडा सुटला आणि पुढे ती पळाली, मानेवर एक केस नाही, मागे खराटा उभा. माइकवाल्याला राहवेना. "आली आली आली! पुढून घोडी, मागून केरसुणी! घाट झाडून काढनार आज!" सगळा घाट हसला. मीही हसले. आक्काही हसल्या, पदर तोंडात घालून. अण्णा हसले नाहीत. बैल म्हणे चांगले पळाले, कोणाच्या लक्षात नाही. त्या वर्षीची यात्रा केरसुणीची म्हणूनच लोकांना आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला. अण्णा एकटेच, बनियनवर. झाडामागून झाड. कोणाला हात लावू देईनात. ज्या झाडाचं वर्षभर कौतुक केलं त्याला शिव्या देत होते, आणि त्या शिव्यांत माझ्याही मनातल्या सगळ्या आल्या. दुपारपर्यंत कंपाउंड उघडं पडलं. ऊन सगळीकडे सांडलं. गुलाबांच्या वाफ्यात, गोठ्यात, बंगल्याच्या पायरीवर. एवढं ऊन तिथे असू शकतं हे कोणाला माहीतच नव्हतं.

आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती खोली. आता काय, ऊनच ऊन हाय."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निकाल असा लागला. माझ्या हातात पीठ होतं. मी आत जाऊन परातीसमोर बसले आणि रडले, आणि रडता रडता मला आपलीच शरम वाटली, कारण मी कोणाचे आभार मानत होते? एका घोडीच्या शेपटीचे. आणि त्या शेपटीच्या मागे उभ्या असलेल्या झाडाचे. माझं छप्पर वाचवलं ते त्या भिकार, निर्लज्ज, बिनकाट्याच्या झाडाने. उपकार करणाऱ्याने निदान आवडण्यासारखं तरी असावं, एवढीही सोय आपल्याला नसते.

गुलाबांचं काय झालं ते सांगायलाच हवं. ऊन मिळालं तेव्हा एकच जिवंत होता. त्याचं वरचं कलम मेलेलं आणि खालून रानटी फुटवा आलेला, लांबलचक, काटेरी, कुंपणावर पसरणारा. त्याला पांढरी चिल्लर फुलं आली, वास शून्य. आक्कांनी साहेबीणबाईंना बोलावून दाखवला. "दिल्लीचा हाय," म्हणाल्या.

आणि सुबाभूळ? तिचे बुंधे पावसाळ्याची वाट बघत बसले होते. प्रत्येक बुंध्याला फुटवे आले, प्रत्येक बी उगवलं. आमच्या खोलीतली फरशी एका कोपऱ्यात उचलली गेली आणि चुलीशेजारून दोन इवली पानं वर आली. मी ती चिमट्याने उपटली. आम्ही आणखी काही वर्षं तिथे राहिलो. मग काळेवाडीला स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं, पुढे हातभर अंगण. तिथेही ती आधीच येऊन थांबली होती. गटारातून. दर पावसाळ्यात मी ओल्या मातीतून तिची रोपं उपटते. लहानपणीच धरावं लागतं, नंतर मूळ पाताळात जातं. उपटताना एक बारीक कट्ट आवाज येतो आणि मला बरं वाटतं. ऋण आहे, मान्य. त्यासाठी तिला जागा द्यायची असं काही ठरलेलं नाही.

परवा आक्का आल्या. अण्णा गेले, घोडी गेली, बंगल्याच्या जागी आता दुसरंच काही आहे. आक्का वाकल्यात, पण आवाज तोच. गल्लीच्या तोंडापासूनच, "ए वऱ्हाडी! हायेस का घरात?" हातात काळी पिशवी, पिशवीत काडी, काडीवर फूल. कोपऱ्यावर गाडी उभी होती, राहवलं नाही.

मी पिशवी हातात घेतली. हिरवा दोरा. इतकी वर्षं झाली तरी तोच हिरवा. आता मला खोलीची भीती नव्हती, माझ्या डोक्यावर माझंच छप्पर होतं. मी म्हटलं, "आक्का, फसवलं तुम्हाला. फूल बांधलेलं आहे."

"व्हय की," आक्का म्हणाल्या. "दरसाल बांधत्यात."

मी पिशवी खाली ठेवली. "तेव्हाही माहीत होतं? पहिल्या वेळेला?"

"आगं, मी कुनब्याची लेक. काडीला फूल कसं लागतं मला न्हाई कळत?" त्या ओट्यावर टेकल्या, गुडघा चोळला. "त्या घरात काय होतं गं? शेनाचा वास, घोडीचा वास, नि तुज्या नवऱ्यानं आनल्याला त्यो ऑइलचा वास. वर्साचं चार दीस बरा वास आला तर काय बिगाडलं? फूल तर खरंच आसतं न्हवं?"

इतक्या वर्षांचं माझं हसू तोंडात घोळत राहिलं, गिळताही येईना.

"लाव ती काडी," त्या म्हणाल्या. "नुसती बगू नको."

"लागणार नाही, आक्का."

"न्हाई लागली तर न्हाई. ऊन कुटं हाय तुज्यात?"

माझ्या अंगणात ऊन पडतं ते एकाच जागी, आणि तिथे माझा धुण्याचा दगड. आक्कांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी नजर वळवली नाही. "ऱ्हाऊ दे मंग," म्हणाल्या, "तुजी जागा हाय ती. कुंडीत लाव."

मी दोरा सोडला. फूल त्यांच्या अंबाड्यात खोचलं. मग दगडाला हात घातला. जड होता. आक्का उठल्या आणि दुसऱ्या बाजूने वाकल्या.

"धर नीट, वऱ्हाडी. पायाव पाडशील."

"धरलाय," मी म्हटलं. दगड हलला. खाली ओल्या मातीत, उन्हाचं तोंडही न बघितलेलं, सुबाभळीचं एक पिवळट रोप वाकडं होऊन उभं होतं. आक्कांनीच ते उपटलं.